गोड लागणारं हिरवं पाणी

कोल्हापुरात पाणी गोठण्याची भीती कुणाला? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेच्या घाटावर कानटोपी लागते, गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी शेकायला चार माणसं जमतात, आणि आपल्याकडची थंडी तिथंच संपते. तरीही 'अँटिफ्रीझ', म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, या जिल्ह्यातल्या बहुतेक मोटारींत आणि ट्रकांत भरलेलं आहे. त्या नावानं त्याला कुणी ओळखत नाही, एवढंच. उद्यमनगरातला मिस्त्री त्याला कूलंट म्हणतो आणि गिऱ्हाईक नुसतंच 'हिरवं पाणी'.

आपल्याला त्याची गरज पडते ती उलट्या कारणासाठी. भर गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर किंवा आंबा घाट चढणारा भरलेला ट्रक. त्यांच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल तर ते उकळून बाहेर येतं आणि आतून गंजही धरतो. पाण्यात निम्म्यानं इथिलीन ग्लायकॉल मिसळलं की मिश्रण शून्याखाली ३५ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळतं तेही उशिरा, १०७ अंशांच्या आसपास. यातला पहिला गुण लडाखच्या वाटेवरच्या गाडीला उपयोगी, दुसरा आपल्याला.

इथिलीन ग्लायकॉलला स्वतःचा रंग नसतो. हिरवा, गुलाबी, निळा हा रंग कंपनी घालते, गळती लगेच दिसावी म्हणून. वासही जवळजवळ नाही. चव मात्र आहे, आणि ती गोड आहे. 'ग्लायकॉल' या नावातच ग्रीक भाषेतला 'गोड' हा शब्द दडलेला आहे; ग्लुकोज आणि ग्लिसरीन हीदेखील त्याच घरातली नावं. विष कडू असतं, असं आपण लहानपणापासून धरून चाललेलो असतो. जिभेनं दिलेला तो भरवसा इथं कामाला येत नाही.

आता त्याचा डबा बघा. दुकानातून येताना त्यावर लेबल असतं, धोक्याची खूण असते, झाकण घट्ट असतं. मिस्त्री त्यातलं लागेल तेवढं रेडिएटरमध्ये ओततो. लिटर-अर्धा लिटर उरतं. ते डिकीत ठेवायला सोयीचं पडावं म्हणून रिकाम्या पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत जातं. बाटली गाडीतून घरी येते, शेडमधल्या फळीवर किंवा मागच्या दारी जनरेटरशेजारी बसते. त्या क्षणी लेबल संपलं, धोक्याची खूण संपली. उरलं ते ओळखीच्या बाटलीतलं खसच्या सरबतासारखं दिसणारं गोड पाणी. चार वर्षांच्या पोराला ते प्यायला कुणी सांगावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी ट्रकखालून बाहेर आलेला, घशाला कोरड पडलेला हेल्परही हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो. लहान मुलाच्या बाबतीत दोन-तीन घोटही जिवावर बेततात.

सगळ्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉलच असतं असं नाही. काहींत प्रोपिलीन ग्लायकॉल असतं आणि ते पुष्कळच कमी घातक आहे. पण कुठलं कशात आहे हे लेबलावर लिहिलेलं असतं, आणि लेबल तर मघाशीच गेलं. ब्रेक ऑइलचंही तसंच. त्यातही ग्लायकॉलच्या गोतावळ्यातली रसायनं असतात. म्हणून कुणी असलं काही प्यायलं असेल तर घरातल्या माणसानं सगळ्यात आधी करायचं काम एकच: बाटली शोधायची. मूळ डबा असेल तर तोही. नसेल, तर कुठल्या दुकानातून काय आणलं होतं हे मिस्त्रीला फोन करून विचारायचं. उपचारासाठी ती बाटली रोग्याइतकीच दवाखान्यात पोचायला हवी.

पोटात गेलेलं ग्लायकॉल तासाभरात रक्तात उतरतं आणि माणूस दारू प्यायल्यासारखा वागू लागतो. बोलणं जड होतं, चाल अडखळते, डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात, कुणी बडबडतो, कुणी झोपाळतो. ग्लायकॉल हाही रसायनशास्त्राच्या दृष्टीनं अल्कोहोलचाच एक प्रकार आहे, त्यामुळे सोंग हुबेहूब वठतं. एकच गोष्ट कमी असते: तोंडाला दारूचा वास येत नाही. झिंगलेली चाल आणि वास नाही, हे दोन्ही एकत्र दिसलं की थबकायला हवं. अडचण अशी की आपल्याकडे मोठ्या माणसाच्या बाबतीत इतका विचार कुणी करत नाही. 'चढली असंल, झोपू दे' म्हणून अंगावर चादर टाकली जाते. आणि त्यानं खरोखरच थोडी दारूही घेतलेली असेल तर वासही येतो, शिवाय विषाची पुढची लक्षणं लांबतात, म्हणजे घोटाळा दुप्पट.

त्यानंतर येणारी वेळ सगळ्यात फसवी. झिंग उतरते. रोगी कधीकधी बराच सावरल्यासारखा वाटतो, मूल उठून खेळायलाही लागतं. घरातले म्हणतात, गेलं वाटतं पोटातून. खरं तर ग्लायकॉलनं तोवर फारसं काही केलेलंच नसतं. जसंच्या तसं राहिलं असतं तर ते मूत्रपिंडांतून हळूहळू बाहेरही पडलं असतं. घात होतो तो यकृतात. दारू पचवण्यासाठी यकृताकडे एक विकर आहे, म्हणजे एंझाइम. ते समोर आलेल्या ग्लायकॉललाही दारूच समजतं आणि कामाला लागतं. त्यातून टप्प्याटप्प्यानं आम्लं तयार होतात. आधी ग्लायकोलिक आम्ल, ज्यानं सबंध रक्त आंबट होतं आणि ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी माणूस धापा टाकल्यासारखा खोल, भराभर श्वास घेऊ लागतो; नाडी धावते, झटके येऊ शकतात, हृदय थकतं. हे साधारण बारा तासांनंतरचं चित्र. शेवटी तयार होतं ऑक्झॅलिक आम्ल.

या शेवटच्या आम्लाची आपली ओळख स्वयंपाकघरातली आहे. ऑक्झॅलिक आम्लाला कॅल्शियम भेटलं की कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक होतात. कच्च्या अळूच्या पानानं घसा खाजतो तो याच स्फटिकांच्या सुयांमुळे. अळूच्या फतफत्यात चिंच टाकायची रीत त्यावरचाच उतारा. बहुतेक मुतखडेही याच पदार्थाचे. मुतखडा एका जागी, महिनोन्महिने साचत जातो. इथं मात्र एकदोन दिवसांत मूत्रपिंडांच्या लाखो बारीक नळ्यांमध्ये एकाच वेळी ते स्फटिक बसतात. रक्तातलं कॅल्शियमही त्यात खर्ची पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर भरून येते आणि लघवी कमी होत होत थांबते. पुष्कळदा माणूस दवाखान्यात येतो तो इथं, आणि केसपेपरवर तक्रार लिहिली जाते, 'दोन दिवस लघवी नाही'. हिरव्या पाण्याचा उल्लेख त्यात नसतो, कारण त्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

म्हणून जो काळ बरा वाटतो, तोच उपचाराचा काळ आहे. प्यायल्याची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट बघायची नाही.

घरी करण्यासारखं फार थोडं आहे, आणि न करण्यासारखं बरंच. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून ओकारी काढू नये. गुंगीतल्या माणसाची ओकारी फुप्फुसात जाते. दूध, दही, अंड्याचा बलक, लिंबू यांनी हे विष उतरत नाही. इतर कितीतरी विषांवर देतात तो कोळसाही ग्लायकॉलला धरून ठेवत नाही. रोगी गुंगीत असेल तर कुशीवर झोपवावं, किती वाजता आणि साधारण किती पोटात गेलं हे कागदावर लिहावं, आणि १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीनं निघावं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. तिथला १८०० ११६ ११७ हा फोन चोवीस तास चालू असतो आणि डॉक्टरांप्रमाणे घरच्यांनाही त्यावर विचारता येतं. कोल्हापूरच्या माणसाला सीपीआर रुग्णालयाचा रस्ता सांगावा लागत नाही. पण गगनबावड्याहून किंवा चंदगडहून निघायचं असेल तर आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठून सलाईन आणि सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, चालू करून घेणं शहाणपणाचं. पुढं कुठं न्यायचं हे विचारताना एवढाच प्रश्न करायचा: तिथं रात्री डायलिसिस होतं का?

आणखी एका गोष्टीपायी वेळ जातो, ती म्हणजे पोलीस. विषबाधेची नोंद दवाखान्याला करावी लागते, आणि त्या धास्तीनं घरचे 'अॅसिडिटी झाली', 'उन्हाचा त्रास' असं काहीबाही सांगतात. ते फार महागात पडतं, कारण कूलंट हा शब्द कानावर पडल्याशिवाय डॉक्टरच्या मनात हे निदान सहसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. मग दवाखाना सरकारी असो की खासगी. कुणी जाणूनबुजून प्यायलं असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं आहे. अशा माणसाशी बोलण्यासाठी १४४१६ ही टेलिमानसची सेवा मराठीतही आहे. कॅज्युअल्टीच्या दारात 'का प्यालास?' यापेक्षा 'काय प्यालास?' हा प्रश्न हजारपट मोलाचा.

तिथं पोचल्यावर डॉक्टर काय शोधतात? रक्तातलं ग्लायकॉल थेट मोजण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते, म्हणून आडवाटेनं जावं लागतं. रक्तातलं आम्ल किती वाढलं, क्षारांच्या बेरीज-वजाबाकीत किती फरक राहतो, कॅल्शियम उतरलं का. काही यंत्रं या विषातल्या ग्लायकोलिक आम्लाला लॅक्टिक आम्ल समजतात आणि भलताच मोठा आकडा दाखवतात. ही चूक ज्याला ठाऊक आहे त्याला तीच खूण ठरते. लघवीचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पाकिटाच्या किंवा सुईच्या आकाराचे ऑक्झलेटचे स्फटिक दिसू शकतात. पॅथॉलॉजीतली इतकी जुनी आणि स्वस्त तपासणी इथं निदान पक्कं करायला मदत करते, याचं मला फार अप्रूप आहे. मात्र स्फटिक दिसले नाहीत म्हणून विष नाही, असं कुणी म्हणू नये.

उपचाराची गंमत, गंमत हा शब्द इथं वापरावा की नाही कळत नाही, पण ती अशी की या विषावरचा जुना उतारा अल्कोहोल आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळीपासून निघतं तेच इथाइल अल्कोहोल, फक्त दवाखान्यात देण्याजोगं शुद्ध. हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. यकृतातलं ते विकर म्हणजे असा एक काटा समजा. ग्लायकॉलच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या आहेत. तेवढ्यात चेअरमनच्या पाहुण्यांच्या ट्रॉल्या येतात आणि थेट पुढे घुसतात. त्या पाहुण्यांचं नाव इथाइल अल्कोहोल. विकराची ओढ त्यांच्याकडे कित्येक पटींनी जास्त. ते काट्यावर आहेत तोवर ग्लायकॉलला हात लागत नाही, आम्ल बनत नाही, आणि न बदललेलं ग्लायकॉल लघवीतून किंवा डायलिसिसमधून काढून टाकायला अवधी मिळतो. म्हणजे अतिदक्षता विभागात डॉक्टर रोग्याला तासन्‌तास ठरावीक पातळीवर झिंगलेला ठेवतात.

हे वाचून कुणी घरीच देशी पाजायला जाऊ नये. मात्रा वजनावर ठरते, रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते, लहान मुलाची साखर झपकन उतरते, आणि गुंगीतल्या माणसाच्या घशात ओतलेली दारू श्वासनलिकेत जाते. याच कामासाठी फोमेपिझोल नावाचं जास्त बिनधोक औषध आहे. तेही त्याच काट्यावर ठाण मांडतं, पण झिंग आणत नाही. अमेरिकेत या विषबाधेसाठी त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१३ मध्ये आलं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, त्यामुळे अल्कोहोल आणि डायलिसिस याच जोडीवर भिस्त राहते. आम्ल मारायला सोडा, आणि आम्लाला कमी घातक वाटेनं वळवण्यासाठी ब-१ आणि ब-६ ही जीवनसत्त्वं, हे जोडीला.

इथवर गोष्ट लेबल हरवलेल्या बाटलीची होती. लेबल जागेवर आहे आणि आतलं द्रव भलतंच आहे, अशी गोष्ट महाराष्ट्रानं १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाहिली.

जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी रोग्यांना ग्लिसरीन पाजत, तो तेव्हाचा नेहमीचा उपचार होता. एकामागून एक रोग्यांची लघवी बंद पडू लागली. मूत्रपिंडांचा काही आजार नसताना माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत होती. चौदा जण गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हा इथिलीन ग्लायकॉलचा सख्खा भाऊ. तोही अँटिफ्रीझमध्ये आणि कारखान्यांत वापरतात. दिसायला आणि चवीला ग्लिसरीनसारखाच गोड आणि दाट, किमतीला मात्र स्वस्त. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. औद्योगिक वापराचा माल औषध म्हणून रुग्णालयाच्या दारापर्यंत कसा आला, खरेदीत कोणी डोळेझाक केली, अन्न व औषध प्रशासनात काय शिजत होतं, हे सगळं त्यांनी इतक्या कडक शब्दांत मांडलं की अहवाल १९८८ मध्ये उघड झाल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं.

त्याच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं, १९३७ मध्ये, अमेरिकेत हेच घडून गेलं होतं. सल्फानिलामाइड हे औषध पातळ करण्यासाठी एका कंपनीनं डायइथिलीन ग्लायकॉल वापरलं आणि शंभरावर माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. त्यातून १९३८ चा अमेरिकेचा कडक औषध कायदा आला. कायदा आला तरी ग्लायकॉल वाट काढत राहिलं. २०२२ मध्ये गांबियात आणि इंडोनेशियात मुलं खोकल्या-तापाच्या सिरपनं गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या सीमेला लागून, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात. सर्दी-तापावर कोल्ड्रिफ नावाचं सिरप घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली. त्यातल्या अनेकांना आईबाप नागपूरला घेऊन आले. वीसहून जास्त मुलं वाचली नाहीत. तमिळनाडूत बनलेल्या त्या बॅचच्या तपासणीत डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के, म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं. औषधात चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं ती बॅच वापरू नये म्हणून इशारा काढला.

या भावाची चाल थोडी निराळी. आम्लाचा झटका इतका तीव्र नसतो, ऑक्झलेटचे स्फटिकही तो सहसा करत नाही, मूत्रपिंडं मात्र तितक्याच निर्दयपणे मारतो, आणि कधी आठवड्याभरानं चेहऱ्याचे, हातापायांचे स्नायू लुळे पडतात. त्याच्यावर हुकमी उतारा नाही, डायलिसिसवरच भार. तापाचं मूल सिरप घेत असताना ओकू लागलं, मरगळलं, तर 'लघवी कधी केली होती?' हा प्रश्न आईनं स्वतःला आणि डॉक्टरनं आईला विचारायला हवा. सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर सिरप बंद, आणि अर्धी उरलेली बाटली पिशवीत घालून सरळ मोठा दवाखाना. ती धुऊन टाकायची नाही, कचऱ्यातही नाही. जे. जे. असो की छिंदवाडा, उलगडा झाला तो शिल्लक राहिलेल्या औषधाच्या तपासणीतूनच.

इथिलीन ग्लायकॉलच्या तावडीतून वेळेत सुटलेल्या रोग्याची मूत्रपिंडं पुष्कळदा परत कामाला लागतात, हे मात्र सांगितलं पाहिजे. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर एक दिवसाआड डायलिसिस, मोजून पाणी, नारळपाणी आणि केळं बंद. खाटेखाली खुणा केलेलं प्लास्टिकचं भांडं असतं आणि भिंतीला लावलेल्या तक्त्यावर रोजचा आकडा. पहिले कित्येक दिवस तिथं शून्य, नाहीतर वीस-तीस मिली. एरवी चारचौघांत लघवीचं नाव न काढणारी माणसं वॉर्डाबाहेरच्या जिन्यात उभं राहून गावाकडे फोन लावतात, आणि पलीकडून आजी पहिलं तेच विचारते. "व्हय, झाली. आज दोनशे झाली."